अव्वा, तुम्ही मला नांदेडला नेलंत

अव्वा,

तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि तुम्ही होतात तोवर मला लिहिता येत नव्हतं, त्यामुळं आपल्या दोघींत कागदाचा व्यवहार कधी झालाच नाही. जे काही बोलायचं ते चुलीपुढं, नाहीतर आडावर धुणं आपटताना. एका घरात राहणाऱ्या सासूला सून पत्र कशाला लिहील, हेही खरंच. मला अक्षरं आली ती फार उशिरा, नातवंडांबरोबर पाटीवर गिरवून. तुम्ही जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुम्हाला ओळखणारी माणसंही या गल्लीत उरली नाहीत. तरी कालपासून मनात तुमच्याशीच बोलणं चाललंय. काल माझी एक नात मला घेऊन दवाखान्यात गेली होती. त्याचं पुढं सांगते. आधी आपलं सांगते.

लढाईचे दिवस होते. घासलेट रेशनवर मिळायचं, म्हणून दिवे लागायच्या आत जेवणं उरकायची. लातुरात आपलं कापडाचं दुकान गंजबाजाराच्या रस्त्याला, आणि घर मागच्या गल्लीत. मी देवणीकडून तुमच्या घरात आले तेव्हा मला पाळीसुद्धा आली नव्हती. पुढं चार बाळंतपणं झाली. एक लेकरू गेलं. दोन पोरी होत्या, आणि चौथ्या खेपेचा पोरगा. त्या चौथ्या खेपेला माझं रक्त थांबेना. सुईणीनं हात टेकले. तुम्ही बाजेच्या पायथ्याखाली विटा सरकवल्या, माझ्या ओटीपोटावर दोन्ही हात दाबून बसलात आणि कुणी काही बोललं तरी हात काढले नाहीत. मी वाचले ती त्या हातांमुळं, असं मी मानते. पण नंतर कित्येक महिने मला भरलेली घागर उचलवत नव्हती. उंबरा ओलांडला तरी डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. पायावर बोटानं दाबलं की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. पोरगा अंगावर पीत होता, आणि मला वाटायचं, हा माझं उरलंसुरलं पिऊन घेतोय.

मला पाचवं नको होतं. ही गोष्ट बोलायची कुणाशी? यांच्याशी तर नाहीच, दिवसाउजेडी नवऱ्याशी बोलायची पद्धत नव्हती. तुमच्या पोटी अकरा झाली होती, तुम्हाला काय सांगायचं? शेवटी गल्लीतल्या एकीनं सांगितलं की वेशीबाहेर एक बाई आहे, ती कूस बांधायची पुडी देते. सात दिवस दुधातून घ्यायची, मग लेकराची चिंताच नाही. मी भाजीच्या निमित्तानं गेले आणि ती पुडी घेऊन आले.

ती दुपार मला अजून दिसते. यांचं जेवण दुकानात पोचतं झालंय. पोरी झोपल्यात. मी चुलीपाशी पाठमोरी बसून पेल्यात पुडी सोडते आहे, आणि तुम्ही माझ्या मागं कधी येऊन उभ्या राहिलात ते मला कळत नाही.

"काय घेऊन राहिलीस?"

"पोट दुखायलंय. ओवा हाय."

तुम्ही पेला माझ्या हातातून घेतलात आणि दाराच्या उजेडात धरलात. "ओवा असा केशरी असतोय का?"

तुम्ही पेला मोरीत ओतलात, त्यावर तांब्याभर पाणी ओतलंत, मग आणखी एक. आता कानाखाली बसणार म्हणून मी मान खाली घातली. पण तुम्ही भिंतीला पाठ लावून हळूहळू खाली बसलात. कपाळावरची विभूती घामानं ओली झाली होती. मी तुम्हाला तसं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"माझी लेक तापानं गेली म्हणून सांगितलंय न्हवं तुला?" तुम्ही विचारलंत.

"हाव."

"ताप आला व्हता, ते खरं हाय. कामून आला ते कुणी सांगितलं न्हाई."

आणि मग तुम्ही सांगितलंत. माझी नणंद, माझं लग्न होण्याआधीच गेलेली. चौथं लेकरू मांडीवर असताना तिला पाचवं राहिलं. तिनं कुणाला न विचारता पोट पाडायला एका बाईकडून काडी घालून घेतली. तुमच्याकडं आणली तेव्हा अंग भाजत होतं, पोट फुगून टणक झालं होतं, आणि वास येत होता. हकीम आला, नाडी बघून गेला. "शेवटाला शुद्ध आली," तुम्ही म्हणालात, "तवा मला म्हणती कशी, अव्वा, आता तर न्हाई हुणार न्हवं मला लेकरू? मी म्हणलं, न्हाई माय, न्हाई हुणार. तेवढं ऐकून डोळे मिटले."

चुलीत लाकूड विझत आलं होतं, ते तुम्ही पुढं सारलंत. मग माझ्याकडं बघून बोललात, आणि ते बोलणं मला चापटीपेक्षा जास्त लागलं. "तुला लेकरू नको हाय, ते शेजारणीला कळलं. येशीभाईरच्या बाईला कळलं. एका चुलीवर आपण दोघी भाकरी करतो, मला कळलं न्हाई."

मी रडत म्हणाले, "तुम्हाला सांगितलं तर काय म्हणाला असता, आसं वाटलं."

"काय म्हणले असते ते इचारायचं व्हतंस की."

तुमची बहीण नांदेडला दिली होती. तिच्याकडून तुम्ही कधीतरी ऐकलं होतं की तिथं मुंबईकडून शिकून आलेली एक डॉक्टरीणबाई आहे, ती लेकरं लांबवायचा इलाज करते, आणि मोठ्या अंमलदारांच्या बायका पडदा लावलेल्या टांग्यातून तिच्याकडं जातात. पंधरवड्यात तुम्ही घरात सांगितलंत, बहिणीची तब्येत बरी नाही, सुनेला घेऊन जाते, तिलाही हवापालट होईल. बहीण ठणठणीत होती. पोरींना मोठ्या जावेपाशी ठेवलं, तान्हा मांडीवर घेतला आणि आपण मोटारीत मागच्या जनानी बाकावर बसलो. अहमदपूर गेलं, लोहा गेलं. धुळीनं आपली दोघींची तोंडं सारखी झाली. तुम्ही वाटेत एकदाच बोललात, "तिथं जाऊन लाजू नको. लाजायचं ते मी लाजते, तू खरं सांग."

दवाखाना म्हणजे एक साधं घर होतं, गुरुद्वाऱ्याकडं जाणाऱ्या रस्त्यापासून आत वळल्यावर. बाहेर उर्दूतली पाटी. आत चटईवर बायका बसलेल्या, कुणी बुरख्यातली, कुणी डोक्यावर पदर घेतलेली. तुम्ही दारातच अडखळलात. तेव्हा एक बुरखेवाली सरकून जागा देत म्हणाली, "डरो नको माँ, हमभी उसीच के वास्ते आये." तुम्ही तिच्या शेजारी बसलात, आणि थोड्या वेळानं तिचं लेकरू तुमच्या मांडीवर होतं.

डॉक्टरीणबाई पांढऱ्या लुगड्यातली, चष्मेवाली, तुमच्यापेक्षा वयानं बरीच लहान. तिची मराठी पुण्या-मुंबईकडची. ती सुरुवातीला काहीतरी जड जड शब्द बोलली. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "बाई, आमाला समजंल आसं सांगा. आमी अडाणी हाव, पर बहिऱ्या न्हाई." ती हसली, आणि तिथून पुढं तिनं आपल्या बोलीत यायचा प्रयत्न केला. मला आत नेऊन तपासलं. डोळ्याची पापणी ओढून बघितली, नखं बघितली, पोट बघितलं. मग तुम्हालाही आत बोलावलं.

तुम्ही पदराच्या गाठीतून पुडीतली उरलेली चिमूट काढून तिच्यापुढं ठेवलीत. मला ठाऊकही नव्हतं की तुम्ही ती राखून ठेवली होती. तिनं बोटावर घेऊन पाहिली. "हा शेंदूर आहे," ती म्हणाली. "ह्यात शिसं असतं. ह्यानं कूस बांधली जात नाही. पोटात पीळ पडतो, हातपाय लुळे पडतात, बाई खंगत जाते, आणि लेकरू राहायचं ते राहतंच."

"मग ऱ्हात न्हाई आसं काय हाय तुमच्यापाशी?" तुम्ही विचारलंत.

ती घाईनं बोलली नाही, अव्वा, हे मला अजून आठवतं. अंगावर पाजत असताना राहत नाही, असं लोक म्हणतात, त्यावर विसंबू नका, म्हणाली. तुम्ही मान हलवलीत, तुमची स्वतःची दोन तशीच झाली होती. पाळीचे दिवस धरून चालणं हिला जमणार नाही, अशक्तपणानं हिची पाळीच वेडीवाकडी आहे. तेलात भिजवलेला कापूस ठेवतात बायका, काहीच नसण्यापेक्षा बरा, पण भरवसा नाही. पुरुषानं वापरायचं रबर असतं, त्यानं बाईच्या अंगाला काही होत नाही, पण पुरुष तयार पाहिजे. मोठ्या दवाखान्यात पोट उघडून नळ्या बांधतात. "पण हिच्या अंगात रक्त नाही," ती म्हणाली. "आज हिला टेबलावर घेतलं तर ती उठेलच, असं मी सांगणार नाही. आणि एकदा बांधलं की परतीची वाट नाही."

मग तिनं कपाटातून एक रबराची टोपी काढली. वाटीच्या आकाराची, मऊ, कडेला ताठ. आत बसते, वाट झाकते, बरोबर मलम लावायचं असतं. प्रत्येकीचं माप वेगळं, म्हणून शेजारणीची उसनी घ्यायची नाही. तुम्ही ती टोपी दोन बोटांत धरून उलटसुलट केलीत, आणि तुमच्या चेहऱ्यावरचा भाव बघून माझी लाज थोडी कमी झाली.

"आन आतच अडकली तर?"

"अडकत नाही. काढायलाही मीच शिकवते. पण विसरून दिवसच्या दिवस आत ठेवली तर घाण होते, पू होतो, ताप येतो. न धुता वापरली तरी तेच. भोक पडलं तर उपयोग नाही, म्हणून दर वेळी उजेडात धरून बघायची. मलमानं काहींची आग होते. आणि सगळं नीट करूनही एखादीला राहतंच."

"ह्यानं कोण मरतंय का? खरं सांगा. माझी एक गेलीय."

बाईनं चष्मा काढला. "टोपीनं मेलेली मी पाहिली नाही. आजारी पडलेल्या पाहिल्यात, वेळेवर आल्या त्या बऱ्या झाल्या. वर्षा-वर्षाला बाळंत होऊन मेलेल्या मात्र पुष्कळ पाहिल्यात. तुमच्या सुनेला एवढ्यात पुन्हा राहिलं, तर ती त्यांत जाईल. म्हणून म्हणते, टोपीला धोका आहे, पण लहान आहे. आणि टोपी फसली, तरी काडीवालीकडं नाही, माझ्याकडं यायचं."

पण त्या दिवशी तिनं टोपी दिली नाही. अंग अजून भरून आलेलं नव्हतं, माप चुकलं असतं. रक्त वाढवायचं कडू औषध दिलं, पालेभाजी, गूळ-शेंगदाणे, खजूर खायला सांगितलं, आणि काही महिन्यांनी या म्हणाली. तोवर नवऱ्यापासून लांब. "आणि मालकाला हे ठाऊक पाहिजे," ती म्हणाली. "चोरून वापरणाऱ्या बायका घाबरत घाबरत बसवतात, त्यातच चुकतं."

मी तुमच्याकडं पाहिलं. तुम्ही म्हणालात, "त्याला मी सांगते."

तुम्ही सांगितलंत तो दिवस मी जन्मात विसरणार नाही. दुकान बंद होतं, हे घरीच जेवायला बसलेत. तुम्ही समोर पाटावर, येसराच्या आमटीचं भांडं जवळ घेऊन. मी सैपाकघराच्या दाराआड. तुम्ही भाकरी वाढता वाढता, दुकानात नवीन ठाण आलं का विचारावं तशा आवाजात सगळं सांगितलंत. लेकीचंसुद्धा. यांचा घास हातातच राहिला.

"अव्वा, हे तू बोलायचं असतंय का माझ्याशी?"

"मग कोण बोलंल? तुझा बाप हाय का आता?"

"लोक काय म्हणतील?"

"लोकाला कोण सांगालंय? तू सांगणार हायेस का?"

यांनी तो घास ताटात ठेवला. मग म्हणाले, "एकच पोरगा हाय, अव्वा. लेकरांचा काय भरवसा असतोय? अजून एक आसता तर..."

"तुझ्या बहिणीचा तर भरवसा व्हता, ती गेलीच न्हवं?" तुम्ही म्हणालात. तुमचा आवाज चढला नाही. "तिला कुणी इचारलं न्हाई. मीबी न्हाई. आता हिला तरी इचार."

आणि यांनी विचारलं. आईच्या समोर, भर दुपारी, दाराकडं मान वळवून हे मला म्हणाले, "तुला काय वाटतंय?" आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली होती, आणि असं काही यांनी मला पहिल्यांदाच विचारलं होतं. मी म्हणाले, "मला जगायचंय."

त्यांनी ताटातली भाकरी मोडली, पुन्हा खाली ठेवली आणि म्हणाले, "मग जावा नांदेडला." तेवढंच. पण पुढच्या खेपेला मोटारीपर्यंत ते स्वतः पोचवायला आले होते, आणि वाटेत खायला खजुराची पुडी माझ्या हातात न देता तुमच्या हातात दिली होती. तुम्ही ती माझ्या मांडीवर ठेवलीत.

दुसऱ्या खेपेला टोपीचं माप झालं. पडद्यामागं बाईनं मला बसवायला, काढायला, पुन्हा बसवायला शिकवलं. टोपी माझ्या हातातून दोनदा निसटून खाली पडली, आणि ती न चिडता उचलून धुवून पुन्हा हातात देत होती. बाहेर तुम्ही पोराला थोपटत चटईवरच्या बायकांशी बोलत होतात. ही अशी सुरुवात. नंतर सगळंच सुरळीत झालं असंही नाही. पहिल्या मलमानं मला आग व्हायची, खाज सुटायची, पांढरं जायचं. मी सहन करत होते. तुम्ही धुण्यावरून ओळखलंत आणि मला दटावलंत, "बाईनं सांगितलं न्हवतं का, कायबी झालं तर यायचं?" पुन्हा नांदेड. बाईनं मलम बदलून दिलं, काही दिवस सगळं बंद ठेवायला लावलं, आणि मग बरं झालं. वर्ष गेलं, दुसरं गेलं. माझ्या पायावरची सूज उतरली. मी घागर उचलायला लागले. एकदा आडावरून येताना मी काहीतरी गुणगुणत होते म्हणे. तुम्ही जावेला म्हणालात, "हिला गाता येतंय, हे मला ठाऊकच न्हवतं."

त्याच काळात तुम्ही एक दिवस एकट्याच वेशीबाहेर गेलात, त्या पुडीवाल्या बाईकडं. मला वाटलं आता मोठं भांडण होणार. तुम्ही परत आलात, पाय धुतलेत आणि चुलीपुढं बसलात. भाकऱ्या थापताना सांगितलंत. तुमच्या लेकीला काडी घालणारी तीच होती. तुम्ही तिला तोंडावर विचारलंत. ती म्हणाली, बाई, तुमच्या लेकीनं माझे पाय धरले होते, मी दोनदा परत पाठवली होती. आणि मग तिनं तिच्या स्वतःच्या बहिणीचं सांगितलं, तीही अशीच गेली होती. "मी शिव्या देयाला गेले व्हते," तुम्ही म्हणालात. "देववल्या न्हाईत. माझ्या लेकीला दुसरीकडं कुठं जायला जागाच न्हवती, म्हणून ती तिच्याकडं गेली." आणि पुढं तुम्ही तिला नांदेडचा दवाखाना कसा शोधायचा ते सांगून आलात. तिनं नंतर किती बायका तिकडं पाठवल्या मला ठाऊक नाही. काही पाठवल्या, हे नक्की, कारण डॉक्टरीणबाई एकदा हसून म्हणाली होती की लातूरहून येणाऱ्या सगळ्या तुमचंच नाव सांगतात.

गल्लीतल्या सुना दुपारच्या वेळी निवडायचं सूप घेऊन आपल्याकडं यायला लागल्या. सासवांना वाटायचं, तुमच्यासारख्या कडक बाईपाशी सून बसली तर वळण लागेल. तुम्ही गहू निवडता निवडता वळणच लावत होतात. अमकीनं आधी रक्त वाढवायचं, तमकीनं नवऱ्याला आधी बोलायचं, कुणी कुणाची वस्तू उसनी घ्यायची नाही, ताप आला तर लपवायचा नाही.

मग रझाकारांचे दिवस आले. मोटारी बंद झाल्या, नांदेड तुटलं, मलम संपलं. मी घाबरून तुम्हाला सांगितलं. तुम्ही एक क्षण विचार केलात आणि त्याच संध्याकाळी यांना हुकूम सोडलात की दिवस वाईट आहेत, दुकानाला राखण पाहिजे, आजपासून तू दुकानात झोपायचं. यांनी माझ्याकडं बघितलं, तुमच्याकडं बघितलं आणि वळकटी उचलली. राज्य बदलेपर्यंत दुकानाची राखण चालली. फौजा आल्या, लोक रस्त्यावर साखर वाटत होते, आणि आपल्या घरात मला आतून हसू येत होतं, कारण हे वळकटी खांद्यावर घेऊन भरदिवसा घरी आले होते आणि तुम्ही म्हणालात, "आधी मोटार सुरू हुंदे."

त्यानंतर काही वर्षांनी मला पुन्हा दिवस राहिले. ते कळलं तेव्हा तुमचा चेहरा पांढरा पडला. तुम्ही टोपी मागून घेतलीत, उजेडात धरून बघितलीत, भोक सापडेना तशी आणखी चिडलात. मला घेऊन नांदेडला गेलात आणि डॉक्टरीणबाईशी भांडलात, रबर वाईट दिलं, माझ्या सुनेचा जीव धोक्यात घातला. बाई ऐकून घेत होती. एकदा तिनं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "ह्या वेळी तिच्या अंगात रक्त भरपूर आहे, आई. बाळंतपण इथंच करू." तसंच झालं. मुलगी झाली, लवकर आणि सोपी. तुम्ही तिला पहिल्यांदा हातात घेतलंत तेव्हा बराच वेळ तिच्या तोंडाकडं बघत राहिलात, आणि तुमच्या गेलेल्या लेकीचं नाव तिला ठेवलंत. पुढं जगलात तोवर मात्र गल्लीतल्या प्रत्येक सुनेला बजावत राहिलात की रबरावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, माझ्या सुनेला बघा.

त्या मुलीची मुलगी मला काल घेऊन गेली होती. तिचं लग्न होऊन थोडेच दिवस झालेत. नोकरी आहे, एवढ्यात मूल नको म्हणते. तिचा नवरा बरोबर आला होता, बाहेर नाही, आत खुर्चीवर बसला होता. डॉक्टर बाईनं तिला किती विचारलं म्हणून सांगू. डोकं दुखतं का अर्धं, रक्तदाब कसा, कावीळ झाली होती का, घरात कुणाच्या पायात रक्ताच्या गाठी झाल्या होत्या का. गोळ्या कुणाला चालत नाहीत, तांबी बसवली तर पहिल्या महिन्यांत काय त्रास होईल, कशाला घाबरायचं नाही आणि कशाला लगेच यायचं, तीन महिन्यांची सुई घेतली तर पाळी कशी पुढंमागं होते. नात मधे मधे थांबवून विचारत होती, "आणि मला नको वाटलं तर काढता येईल ना?" मला तुमचा आवाज ऐकू येत होता. आन आतच अडकली तर. मी एकटीच हसले, तर पोरगी म्हणाली, आजी, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, तू विचार, सगळं विचार.

हे पत्र कुठं टाकणार. घडी करून पेटीत लुगड्यांखाली ठेवीन, आणि माझ्यामागं कुणाला सापडलं तर सापडो. फक्त एक राहिलं, ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. रबर फसलं नव्हतं, अव्वा. त्याआधीच्या खेपेला तुम्ही बाहेर चटईवर बसलेल्या असताना मी बाईकडून तपासून घेतलं होतं, आता लेकरू झेपेल असं ती म्हणाली, आणि मी टोपी वापरायचं थांबवलं. यांना ठाऊक होतं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही नऊ महिने झोपला नसतात. मला एकदा, एकदाच, न घाबरता बाळंत व्हायचं होतं.